येणे बाकी

शिष्यवृत्तीचा ठराव मीच मांडला, खजिनदार म्हणून.
कै. भिकाजी घाडीगावकर स्मृती, रुपये अकरा हजार.
अट एकच: अभिनय करणाऱ्यांनी अर्ज करू नये.
सभेत सगळे हसले.
अकराच का, कुणी विचारलं नाही.
शुभ आकडा, असं धरून चालले.

त्याची वही माझ्याकडे आहे.
शेवंतीवहिनींनी रद्दी काढताना बाजूला ठेवलेली,
निळ्या पुठ्ठ्याची, कंपनीच्या स्टोअरमधली.
कप पाच, बश्या चार, एक फुटली, मी भरून देतो.
रेडियमची पट्टी.
टॉर्चवर लावायला लाल जिलेटीन.
टेम्पो, कन्नमवार नगर ते परळ, हमालीसह.
दाढीचा गोंद.
नारळ.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी: मंडळाकडून येणे,
पुढील पानावर नेले.
पुढील पानावर नेले.
शेवटच्या पानाला पुढचं पान नव्हतं.
दहा हजार सातशे चाळीस.
वरचे दोनशे साठ मी घातले.
त्याला व्याज म्हणायची लाज वाटली.

मी तेव्हा नट होतो.
रौप्यपदकाच्या वर्षी, कामगार स्पर्धेत,
दुसऱ्या अंकात भिंतीचा टेकू निसटला.
मी पोरीला घराबाहेर काढून दार आपटलं.
भिंत हलली नाही.
परीक्षकांनी लिहिलं, दाराच्या प्रसंगात विलक्षण संयम.
पलीकडे भिकाजी पाठ लावून उभा होता,
अंक संपेपर्यंत, चाळीस मिनिटं,
दातांत तीन सेफ्टी पिना.
पडदा पडल्यावर त्या काढून म्हणाला,
उद्या जरा हळू आपट रे.
पदक शोकेसमध्ये आहे.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही,
सभेतसुद्धा नाही.

वहिनी सांगतात, रात्री दीडला यायचे,
आमटी गरम होईस्तोवर विचारत राहायचे,
समोरून कसं दिसलं?
चंद्र चंद्रासारखा वाटला ना,
की कळला पत्र्याचा डबा?
एकही नाटक त्यानं समोरून पाहिलं नाही.
त्याचं नाटक म्हणजे आमची डावी कानशिलं,
भिजलेल्या पाठी,
राजाच्या अंगरख्याची उसवलेली मागची शिवण.
बाकीचं सगळं तिनं सांगितलेलं,
ताटावर बसल्या बसल्या.

पहिल्या वर्षी अर्ज नऊ.
तेजल पाखरे, आयटीआय, वायरमन.
समितीनं विचारलं, रंगभूमीविषयी तुझी भूमिका काय?
ती म्हणाली, भूमिका नकोय, म्हणून तर अर्ज केला.
पैशांचं काय करशील?
रबरी तळाचे बूट. चांगली पक्कड.
उरले तर परीक्षेची फी.
मी खाली मान घालून नावापुढे खूण केली.

समारंभाला माईक घरघरत होता.
पाहुणे पडद्यामागच्या हातांविषयी बोलत होते,
बराच वेळ.
तेजलचं नाव दोनदा पुकारलं,
ती आत गुडघ्यांवर बसून वायर चाचपत होती.
पाकीट वहिनींच्या हस्ते द्यायचं होतं.
वहिनी उठल्या,
पण पायऱ्यांकडे आल्याच नाहीत,
बाजूच्या दारानं आत शिरल्या.

ते कुठं उभे असायचे गं?
पोरीनं त्याला पाहिलेलंही नव्हतं.
तिनं इकडंतिकडं बघितलं,
दोन पावलं मोजली,
म्हणाली, इथं असणार. इथून सगळं हाताशी येतं.
वहिनी तिथं उभ्या राहिल्या,
दुसऱ्या विंगेत, पदर सावरून,
चपला काढून.

मी उजेडात, पाकीट घेऊन, एकटा.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
माझ्या डाव्या कानशिलाकडे असावं,
आणि हळूच म्हणाल्या,
इथून तर काहीच दिसत नाही हो.

काकू, तेजल म्हणाली,
जरा मागं सरका.
सावली पडतेय.